पाठलागात एकाला पंख, दुसऱ्याला चिलखत: तुमच्या टेबलावर कसं जमवता?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या गेममध्ये पाठलाग सुरू झाला की आमच्याकडे कुणीतरी एकजण हमखास गप्प होतो. २०१४च्या नियमांत ड्वार्फचा (बुटक्या जमातीतल्या पात्राचा) एका पाळीतला वेग २५ फूट आणि पंखवाल्या आराकोक्राचा उडण्याचा वेग ५० फूट. नुसते आकडे समोरासमोर ठेवले की डाईस पडायच्या आधीच निकाल लागलेला असतो. ड्वार्फवाला प्लेअर मग मोबाइल काढून बसतो, आणि ते मला बघवत नाही. तुम्ही यातून कशी वाट काढलीत ते सविस्तर लिहा. गेम कुठलाही चालेल.

पुण्याहून
मी सपाट रस्त्यावर पाठलाग घेतच नाही. गेल्या मोहिमेत छपरांवरून घेतला. दोन घरांमध्ये १५ फुटांची फट होती. १० फूट धावून उडी मारली की स्ट्रेंग्थ (पात्राच्या ताकदीचा आकडा) जेवढी तेवढे फूट लांब जाता येतं. ड्वार्फची स्ट्रेंग्थ १८. दहा फूट धाव, पंधरा फूट उडी, त्याचे २५ फूट बरोबर पुरले! पुढे पळणाऱ्या जादूगाराचा वेग ३०, पण स्ट्रेंग्थ ८. त्याला जिना उतरून गल्लीतून वळसा घ्यावा लागला. ड्वार्फवाली उभी राहून ओरडली, मिनी (पात्राची छोटी मूर्ती) तिने स्वतःच्या हाताने पलीकडे ठेवली. मॅप काढताना सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट (पात्रांच्या आकड्यांचे कागद) शेजारी ठेवा, एवढंच सांगेन.

नागपूरहून
थोडा वेगळा सूर लावतो. दरवेळी छत आणि बोगदे आणून उडणाऱ्याचे पंख कापू नका. मीडियम किंवा हेवी आर्मर (जड चिलखत) घातलं तर आराकोक्राला उडता येत नाही, म्हणजे त्या प्लेअरने किंमत मोजलेली असते. आमचा पक्षी दुसऱ्याच राउंडला चोरापर्यंत पोचला. तिथे चोराचे साथीदार होते आणि हा एकटा. बाकीचे येईपर्यंत त्याने तग धरायचा, हीच खरी चुरस झाली. (२०२२च्या पुस्तकात त्याचं उडणं चालण्याच्या वेगाइतकं, ३० फुटांवर आणलंय. मला ५०च आवडतं.)

ठाण्याहून
डीएमच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकातला पाठलागाचा नियम वापरून बघा. ३ अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायर (चिवटपणाच्या आकड्यावरून मिळणारी भर: १६ला ३, १०ला शून्य), एवढेच डॅश, म्हणजे पाळीत दुप्पट पळणं, फुकट. पुढच्या प्रत्येक डॅशला डीसी १०चा कॉन्स्टिट्यूशन चेक (डाईस अधिक मॉडिफायर किमान १० यायला हवं), चुकला की थकव्याची एक पायरी. २०१४च्या नियमांत दुसऱ्या पायरीला वेग निम्मा होतो. कॉन १६ असलेला ड्वार्फ सहा वेळा डॅश करतो, कॉन १०वाला तीनदाच. पाठलाग लांबला की ड्वार्फ जवळ येत जातो, आणि समोरच्याला ते दिसत असतं.

धागाकर्ता
हा नियम पुढच्या सेशनला नक्की घेतो. दूरवर पळण्यात ड्वार्फ भारी, हे मनाला पटतं.

न्यू जर्सीहून
आम्ही कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या गेमची सातवी आवृत्ती खेळतो. तिथे सर्वांत मंद माणसाला राउंडला एक हालचाल, आणि बाकीच्यांना त्याच्यापेक्षा मूव्ह (वेगाचा आकडा) जितका जास्त तितक्या वरून. आमचे म्हातारे प्रोफेसर ७चे, मागे लागलेला ९चा. म्हणजे त्याला तीन हालचाली, यांना एक. प्रोफेसर लायब्ररीत शिरले आणि जाड दार लावून घेतलं. ते फोडण्यात मागच्याच्या हालचाली गेल्या, तेवढ्यात हे मागच्या जिन्याने बाहेर. फूट मोजण्यापेक्षा असे अडथळे मोजणं मला जास्त भावतं.

साताऱ्याहून
फेट नावाच्या गेममध्ये तर वेगाचा आकडाच नाही. काँटेस्टमध्ये (चढाओढीत) दर फेरीला डाईस टाकून जो आधी तीन विजय मिळवेल तो जिंकला. आमच्या खेळात घाट चढायचा होता: एक घोडेस्वार, एक पायी जासूद. स्वाराने घोडदौडीचं स्किल लावलं, जासुदाने अंगमेहनतीचं, कारण घोडा वळणावळणाने जाणार आणि हा सरळ कड्यावरून. दोन-दोन असताना बरोबरी झाली. बरोबरीला नियमाप्रमाणे काहीतरी अनपेक्षित घडतं, म्हणून मी दरड कोसळवली. आता रस्ता बंद, घोडा अडकलेला आणि जासूद कड्यावर लटकलेला. पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करतोय.