विल्यम रँडॉल्फ हर्स्टला 'वारस' म्हणावं का?

शिळाप्रेस:
अमेरिकेतला वर्तमानपत्रांचा बडा मालक हर्स्ट, त्याचं नाव निघालं की 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही. बाप जॉर्ज हर्स्ट मिझुरीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. लिहिण्यावाचण्यात यथातथाच, पण खडकातली धातूची शीर ओळखण्यात भल्याभल्यांना भारी. १८५९ मध्ये नेवाडातल्या कॉमस्टॉकच्या चांदीनं हात दिला. तो पैसा पुढच्या काही वर्षांत कोर्टकचेऱ्या आणि जमिनींच्या सट्ट्यात बराचसा गेला. मग १८७२ मध्ये युटातली ऑन्टॅरिओ खाण २७,००० डॉलरला घेतली, १८७७ मध्ये भागीदारांसह होमस्टेक ही सोन्याची खाण ७०,००० ला, आणि नंतर अ‍ॅनाकोंडा खाणीचं तांबं.

मुलगा १८६३ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, एकुलता एक. दहा वर्षांचा असताना आईबरोबर दीडेक वर्ष युरोपात होता. तेवढ्यात १८७३ ची मंदी आली, आणि परतल्यावर राहतं घर विकावं लागलं. याला गर्भश्रीमंत म्हणायचं?

आणि मुख्य मुद्दा मृत्युपत्राचा. १८९१ मध्ये जॉर्ज गेला तेव्हा सगळी मालमत्ता बायकोच्या नावावर. मुलाला काही नाही. आई फीबी १९१९ मध्ये गेली तेव्हा हा ५५ वर्षांचा होता. तोवर कायद्यानं वारस नव्हताच.

ताळेबंद:
कायद्यानं नसेल, व्यवहारानं होताच की! १८९५ मध्ये आईनं अ‍ॅनाकोंडातला हिस्सा विकला आणि मुलाच्या हाती ७५ लाख डॉलर दिले. न्यूयॉर्कचं 'जर्नल' विकत घ्यायला लागले त्यातले पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे वर्तमानपत्र विकत घेणं हा खर्चाचा किरकोळ भाग. खरा पैसा लागतो तो तोटा सोसायला.

गणित असं. जाड अंक, किंमत एक सेंट. खप वाढतो तसा कागद, शाई, वाटपही वाढतं, पण जाहिरातदार नवे दर लगेच देत नाहीत, आधी खप टिकतो का ते बघतात. मधल्या काळात प्रत्येक जादा अंक तोट्याचा. साधा मालक इथेच मरतो. हर्स्टनं उलट प्रतिस्पर्धी पुलित्झरच्या 'वर्ल्ड' या न्यूयॉर्कच्या दैनिकाच्या रविवार पुरवणीची अख्खी टीम जास्त पगारावर उचलली. फेब्रुवारी १८९६ मध्ये पुलित्झरला दोन सेंटांचा अंक एका सेंटावर आणावा लागला. हे अक्कलहुशारीनं झालं असं म्हणायचं असेल तर म्हणा. मी तरी त्याला खाणीचा जोर म्हणतो.

शिळाप्रेस:
पैसा अनेकांकडे होता. जॉर्जकडेही होता, तरी त्याच्या हातात सॅन फ्रान्सिस्कोचं दैनिक 'एक्झामिनर' १८८० पासून तोट्यातच चाललं होतं ना? मुलानं १८८५ च्या सुमारास बापाला पत्र लिहिलं: पेपर मला द्या, 'वर्ल्ड'चा कित्ता गिरवू, चित्रं टाकू, जोमदार तरुण माणसं घेऊ, आणि बदल टप्प्याटप्प्यानं नको, एकदम. ४ मार्च १८८७ ला ताबा मिळाला. महिनाभरात माँटेरेचं डेल माँटे हॉटेल जळालं, तर स्पेशल ट्रेन करून बातमीदार आणि चित्रकार पाठवले. अँब्रोज बिअर्ससारखा धारदार लेखणीचा माणूस नोकरीला ठेवला. १८९० च्या सुमारास पेपर फायद्यात आला. हे बापाला जमलं नव्हतं.

ताळेबंद:
स्पेशल ट्रेनचं बिल कोणी भरलं, एवढंच सांगा.

खोडरबर:
दोघांचं चालू द्या. मी फक्त दंतकथा पुसतो, कारण असल्या चर्चेत त्या हमखास शिरतात. एक, जॉर्जनं 'एक्झामिनर' जुगाराच्या देण्यात मिळवला, ही गोष्ट खुद्द हर्स्टच्या कंपनीनंही चालवली आहे. पण जॉर्जला राजकारणात उतरायचं होतं, १८८२ मध्ये गव्हर्नरपदाची उमेदवारी मागून तो हरलाही. डेमोक्रॅटांचं मुखपत्र त्याला हवंच होतं. दोन, हार्वर्डमधून काढलं ते प्राध्यापकांची नावं लिहिलेली मूत्रपात्रं पाठवल्यामुळे, असं सांगतात. किस्सा झकास आहे, पण त्याचे परीक्षेतले गुणच इतके वाईट होते की वेगळं निमित्त लागत नव्हतं. तिथे त्यानं मन लावून केलेलं एकच काम म्हणजे 'लॅम्पून' या विनोदी नियतकालिकाचा व्यवहार सांभाळणं. जाहिराती गोळा करून त्यानं ते सावरलं.

वेलदोडा:
तुम्ही सगळे बापाभोवतीच फिरताय. फीबी ॲपरसन शाळेत शिकवणारी, १९ वर्षांची, नवरा ४१ चा. १८६२ मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी तिनं करार करून घेतला, आणि त्यात खाणीचे ५० शेअर स्वतःच्या नावावर लिहून घेतले. एवढी व्यवहारी बाई! जॉर्ज महिनोन्‌महिने खाणींवर, पोराचं शिक्षण, म्युझियमं, शिकवण्या सगळं हिच्याकडे. नवऱ्यानं मृत्युपत्रात तिला एकटीला का निवडलं, हे कोडं नाहीच. मुलगा पैसा कसा उधळतो ते दोघांनीही पाहिलं होतं. म्हणून 'वारस' हा शब्दच मला तोकडा वाटतो. पंचवीसेक वर्षं तो आईचा कर्जदार होता, आणि कर्जदाराला निदान मागायला तरी जावं लागतं.

शिळाप्रेस:
वेलदोडा, हे मान्य. पण मागून मिळालेल्या पैशातून त्यानं काय उभं केलं, ते तरी त्याच्या नावावर टाका.

ताळेबंद:
टाकतो, मग खर्चही त्याच बाजूला टाका. आई एप्रिल १९१९ मध्ये गेली. बापानं घेतलेल्या कॅलिफोर्नियातल्या सॅन सिमेऑनच्या रानातल्या टेकडीवर महाल बांधायचं काम ज्युलिया मॉर्गनकडे त्याच वर्षी गेलं. तीही आधी आईसाठी काम केलेली वास्तुविशारद. मागायला जायची जागा उरली नव्हती. १९३७ मध्ये कंपनीच्या पैशाचा ताबा त्याच्या हातून काढून घ्यावा लागला आणि जमवलेल्या कलावस्तू विकायला निघाल्या.