बर्नार्ड फील्डन: ‘कमीत कमी हात लावा’ म्हणणाऱ्याने एवढं काँक्रीट का ओतलं?

ओळंबा_२२
वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधात एक प्रकरण सर बर्नार्ड फील्डन (१९१९–२००८) या जुन्या इमारती जतन करणाऱ्या इंग्लिश वास्तुकारावर लिहितेय. काम साधेल इतकीच, कमीत कमी ढवळाढवळ करा, हे त्यांचं तत्त्व. आणि सगळ्यात गाजलेलं काम यॉर्क मिन्स्टर, म्हणजे इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातलं मोठं चर्च, जिथे पायाला काँक्रीटचा वेढा आणि आरपार स्टेनलेस स्टीलचे गज! हे तत्त्वाला सोडून नाही का? तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच.

जुना_इंजिनिअर
नाही. उलट प्रकरणाची सुरुवातच इथून कर.

१४०७ मध्ये तिथला आधीचा मनोरा कोसळला. आत्ताचा उभा राहिला, १४७२ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. पण मनोऱ्याचं सुमारे १६,००० टन ओझं आलं ११ व्या शतकातल्या नॉर्मन पायावर, जो एवढ्या वजनासाठी घातलेलाच नव्हता. त्याखाली पुन्हा रोमन छावणीचे अवशेष, म्हणजे जमीन सगळीकडे सारखी घट्ट नाही. १९६५ मध्ये फील्डन यांच्याकडे इमारतीची जबाबदारी आली आणि त्यांनी आधी काय केलं, तर तपासणी. भेग जुनी आहे की अजून वाढतेय, हे ठरवणं हाच आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. भेगेवर काचेची पट्टी चिकटवतात. भिंत हलली की काच तडकते. यॉर्कच्या भेगा वाढत होत्या.

मग कमीत कमी म्हणजे किती? मनोरा दगड दगड उतरवून नव्याने बांधला असता, तर ती नक्कल झाली असती. फील्डन आणि इंजिनिअर पॉल बेकमन यांनी जुना पाया जागेवरच ठेवला, त्याच्या बाजूंनी काँक्रीट घातलं, जुन्या बांधकामातून भोकं पाडून गज ओवले आणि ताण देऊन सगळं एकत्र आवळलं. पाया रुंद झाला, वरचा मनोरा जागेवरच उभा राहिला. १९७२ मध्ये, अभिषेकाला ५०० वर्षं झाली त्याच साली, काम संपलं.

मी त्या तळघरात उभा राहिलोय. काँक्रीटला दगडाचं सोंग दिलेलं नाही. गजांची टोकं ओळीने बाहेर दिसतात, शेजारी नॉर्मन दगड, आणि दोन पावलांवर रोमन गटार, ज्यात आजही पाणी वाहतंय. तीन काळ एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी. मला तिथून निघवेना.

एक मात्र लिही: हे काम पुढे काढून टाकून पूर्ववत करता येण्यासारखं नाही. ते उघड मान्य कर.

चुनखडी
इंजिनिअरसाहेबांशी सहमत, पण तुम्ही फक्त यॉर्कच बघताय. फील्डन यांनी आधी इंग्लंडच्या नॉरफक परगण्यातली साधी गावातली चर्चेस वर्षानुवर्षं तपासली. १९५५ च्या कायद्यापासून चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी तपासणी होते. पन्हळ तुंबलीय का, शिसाचा पत्रा फाटलाय का, दर्जा (दगडांमधले सांधे) सुटल्यात का. माझ्या मते त्यांचा खरा वारसा हाच.

मी दगडी बांधकामावर चुन्याचं काम करते. एका जुन्या भिंतीला माझ्याआधी कोणीतरी सिमेंटच्या दर्जा भरल्या होत्या. ओल बाहेर पडायची वाट बंद झाली, ती दगडातून निघू लागली, क्षारांनी दगडाचे पापुद्रे सुटले. आम्ही परांची बांधली तेव्हा दगड बोटभर आत गेलेला आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे उभी. हात फिरवला की भुकटी. ते बघून रडू आलं होतं. पन्हळ वेळेवर साफ केली असती, तर त्या दर्जांची वेळच आली नसती.

ओळंबा_२२
दोघांचेही आभार. काका, ताई, एक शेवटचं: भारताशी त्यांचा संबंध आहे का?

जुना_इंजिनिअर
आहे. दुसऱ्या महायुद्धात ते बेंगाल सॅपर्समध्ये, म्हणजे ब्रिटिश भारतीय सैन्याच्या इंजिनिअर तुकडीत होते. पुढे इंटॅक या भारतातल्या वारसा जतन करणाऱ्या संस्थेसाठी त्यांनी जतनाची तांत्रिक मार्गदर्शिका लिहिली, ती १९८९ मध्ये आली. ग्रंथालयात आधी ती माग. आणि प्रबंधासाठी निवडलेल्या इमारतीच्या गच्चीवर पाऊस चालू असताना एकदा जा. पाणी कुठे थांबतंय ते वहीत काढून आण.