‘पंखे बंद पडलेले विमान’ असे म्हटले, ते चुकले का?

गच्चीवरचा बडोदेकर
नमस्कार. बडोद्यात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमतो आणि महिनाभरात काढलेली छायाचित्रे एकमेकांना दाखवतो. निम्मे पक्ष्यांच्या मागे असतात, निम्मे विमानांच्या. मागच्या वेळी एका तरुण सदस्याने आपल्या गच्चीवरून टिपलेले हवाई दलाचे सी-२९५ हे पंख्यांचे मालवाहू विमान दाखवले. २०२३ पासून हे विमान आपल्या आकाशात दिसू लागले आहे, त्यामुळे सगळ्यांनाच त्याचे अप्रूप. चित्र अगदी स्वच्छ होते, फक्त दोन्ही पंख्यांची पाती जागच्या जागी गोठलेली होती. मी पटकन बोलून गेलो, “पंखे बंद पडलेले विमान हवेत राहिले कसे?” सगळे हसले, तोही हसला, पण त्यानंतर त्याने आम्हाला एकही चित्र पाठवलेले नाही. दोष खराच होता. शिवाय प्रत्येक चित्राला “सरस छे” म्हणून पुढे सरकणे मला जमत नाही, कारण त्याचा अर्थ आपण चित्र पाहिलेच नाही असा होतो. मग बोलावे तरी कसे?

पहाटेची दुर्बीण
आपण दोष दाखवलात, पण तो कशामुळे आला हे सांगितले नाही, आणि मला वाटते त्याला तेच लागले असावे. पंखा मिनिटाला हजार फेरे घेतो असे धरले, तर कॅमेऱ्याचे शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) उघडे असते त्या १/२००० सेकंदात पाते जेमतेम ३ अंश सरकते, म्हणून ते थांबलेले दिसते. १/१२५ ला तेच ४८ अंश फिरते आणि सहा पात्यांच्या पंख्यात दोन पात्यांमधले अंतर ६० अंश असल्यामुळे जवळजवळ पूर्ण चकती उमटते. उडत्या पक्ष्यासाठी मात्र १/२००० हाच योग्य वेग आहे, आणि सकाळी पक्षी टिपून आलेला माणूस दुपारी विमान दिसताच शटर बदलायला विसरतो, हे आपल्यापैकी कोणाचे झालेले नाही? म्हणून आधी “शटर किती ठेवले होते?” असे विचारावे. इतक्या कमी वेगाला विमानाबरोबर कॅमेरा फिरवताना बहुतेक चित्रे हलतात, हेही त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो कंटाळेल. सुरुवात १/२५० पासून करू द्या.

हळदीकुंकू बदक
वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो सगळ्यांसमोर मांडला तर अभिप्रायाची शिकवणी होते, आणि शिकवणीला कोणी हौसेने येत नाही. २०२१ मध्ये आपल्या बडोद्याजवळचा वढवाणा तलाव महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेल्याची बातमी वाचून मी त्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिथे गेले आणि पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या रानहंसांचा) एक थवाच्या थवा टिपून आणला. एका ज्येष्ठांनी ते चित्र बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, “यातला कोणता पक्षी तुम्हाला दाखवायचा होता?” मी बोट ठेवायला गेले, तेव्हा माझ्याच लक्षात आले की चाळीस पक्ष्यांत एकाचाही डोळा नेमका टिपला गेलेला नाही. त्यांनी दोष उच्चारलासुद्धा नाही.

कौतुकही नेमके हवे. “सुंदर” या शब्दापेक्षा “मागचे पाणी काळसर ठेवल्यामुळे चोच उठून दिसते” हे वाक्य माणूस वर्षभर लक्षात ठेवतो. जे पुढच्या खेपेला सुधारता येईल, म्हणजे तिरके क्षितिज किंवा पक्ष्याच्या चोचीपुढे न सोडलेली जागा, त्यावर सविस्तर बोलावे. दुपारच्या तापलेल्या हवेने लांबचे विमान थरथरते दिसत असेल, तर त्यावर “सकाळी जा” एवढे पुरे.

जुना कॅमेरा
दोन ठिकाणी मात्र मी भीड ठेवत नाही. घरट्याचे चित्र काढण्यासाठी आडव्या येणाऱ्या फांद्या छाटलेल्या दिसल्या, किंवा विमानामागे हवाई दलाच्या तळाची आतली बाजू दिसली, तर चित्र कितीही चांगले असले तरी त्याच्या गुणांविषयी न बोलता हे चूक आहे असे मी स्पष्ट सांगतो. मात्र तेही त्या माणसाला बाजूला घेऊनच सांगतो.

गच्चीवरचा बडोदेकर
सर्वांचे आभार. काल त्याला फोन केला आणि आधी माझ्या चेष्टेबद्दल दिलगिरी व्यक्त केली. शटरविषयी विचारले, तेव्हा कळले की तो त्या दिवशी सकाळी खरोखरच वढवाण्याहून आला होता आणि १/२००० तसेच राहिले होते. येत्या रविवारी त्याच्याच गच्चीवर दोघे उभे राहून १/२५० करून पाहणार आहोत. फोन ठेवता ठेवता त्याने अडखळत विचारले की काका, मागच्या बैठकीतल्या तुमच्या बगळ्याचे एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला उजेड, थोडे कमी ठेवायला हवे होते का, कारण पंखांत एकही पीस वेगळे दिसत नाही, सगळा पांढरा ठिपकाच झाला आहे. हे त्याला त्याच दिवशी दिसले होते, पण मी वडीलधारा म्हणून तो गप्प बसला होता.