आधी जुनं उपटा, मग नवं टाका: हा नियम की हट्ट?

पॅचपंडित:
विंडोज मशीनवरच्या सॉफ्टवेअरबद्दल ‘अपडेट पाठवण्याआधी जुनी आवृत्ती सगळ्या मशीनवरून काढा, नाहीतर कचरा साठतो’ असा छातीठोक सल्ला वाचला आणि राहवलं नाही. जुनं निघालं आणि नवं १६०३ (इन्स्टॉलेशन फसल्याचा एरर कोड) देऊन आपटलं, तर युजरने करायचं काय? एमएसआय (विंडोजचं इन्स्टॉलर पॅकेज) नीट बांधलेला असेल तर अपग्रेडकोड (एकाच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची सामाईक ओळख) बघून जुनं तोच काढतो. जुनं काढणारी रिमूव्हएक्झिस्टिंगप्रॉडक्ट्स ही पायरी, बदलांची सुरुवात करणाऱ्या इन्स्टॉलइनिशियलाइझच्या लगेच नंतर असली, की नवं फसल्यावर जुनं परतही येतं.

रजिस्ट्रीवाला:
सल्ला माझाच. ‘नीट बांधलेला असेल तर’! सगळा डोलारा त्या ‘तर’वर. जुनी आवृत्ती युजरपुरती आणि नवी मशीनभर असेल, तर अपग्रेडकोड जुळूनही जुनी तशीच राहते. शिवाय विंडोज इन्स्टॉलर आवृत्तीचे पहिले तीनच आकडे बघतो. ५.२.१.१० वरून ५.२.१.२० वर गेलात आणि प्रॉडक्टकोड (त्या एका पॅकेजची स्वतःची ओळख) बदललेला असला, की बहुतेक वेळा यादीत दोन्ही सुखाने नांदतात. मग जुन्या आवृत्त्या हुडकणाऱ्या सुरक्षा स्कॅनरचा अहवाल कायम लाल.

स्क्रिप्टसम्राट:
एवढा काथ्याकूट कशाला? विन३२_प्रॉडक्ट या, इन्स्टॉल झालेल्यांची यादी देणाऱ्या विंडोजच्या क्लासमधून नाव शोधा आणि उडवा. तीन ओळींचं काम.

रजिस्ट्रीवाला:
त्याच तीन ओळी वाट लावतात! त्या क्लासला नुसती यादी मागितली तरी विंडोज मशीनवरचा एकूण एक एमएसआय तपासत बसतं, आणि एखादा बिघडलेला वाटला की दुरुस्तीही सुरू करतं. ॲप्लिकेशन लॉग उघडून बघा, १०३५ च्या (‘प्रॉडक्ट पुन्हा कॉन्फिगर केलं’ अशा) नोंदींची रांग लागलेली असते. एक्सईने (एमएसआय नसलेल्या इन्स्टॉलरने) टाकलेलं काही तर त्यात दिसतच नाही. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारातली) अनइन्स्टॉल की वाचा, इन्स्टॉल झालेल्यांची नोंद तिथे असते. ३२ बिटवाल्यांची वाव६४३२नोडखाली वेगळी असते, तीसुद्धा.

स्क्रिप्टसम्राट:
बरं महाराज, चुकलं. पण शोधायचं नावानेच ना?

पॅचपंडित:
नाही! प्रॉडक्टकोडने. ‘जावा’ने सुरू होणारं सगळं काढलंत की डेव्हलपरची जेडीकेही (जावात प्रोग्रॅम लिहायचं साधन) गेली. तसंच व्हिज्युअल सी++ २०१० (इतर सॉफ्टवेअरला लागणाऱ्या फायलींचा संच) ‘जुनं’ म्हणून काढू नका, २०२२ वालं त्याची जागा घेत नाही.

स्क्रिप्टसम्राट:
आणि काढताना १६०५ हा कोड आला तर स्क्रिप्ट लाल दाखवते, त्याचं काय?

रजिस्ट्रीवाला:
१६०५ म्हणजे ते तिथे नाहीच, यश धरा. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबून पुन्हा चालवा. खरा घातकी ३०१०, म्हणजे काम झालं पण रीस्टार्ट बाकी. काही एक्सई अनइन्स्टॉलर वापरात असलेली फाइल ‘रीस्टार्टला पुसा’ म्हणून नोंदवतात. रीस्टार्ट न करता त्याच फोल्डरात नवं टाकलंत, तर सकाळी नवीच डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी फाइल) पुसली जाते आणि बोंब अपडेटच्या नावाने.

पॅचपंडित:
घ्या, आधी काढण्याचा धोका तुम्हीच सांगितलात! युजरपुरत्या आवृत्तीचं मान्य, ती काढावीच लागते, आणि तीही विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम खात्यातून नव्हे, त्या युजरच्या सत्रातून. पण नवं पॅकेज मशीनवर उतरून हॅश (फाइल जशीच्या तशी आल्याची खूण) जुळल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही.

रजिस्ट्रीवाला:
म्हणजे आधी काढायचंच. मी वेगळं काय म्हटलं होतं?

पॅचपंडित:
‘सगळ्या मशीनवरून’ म्हटलं होतं. वर लिहिलेलं आहे.