शालेय मंत्रिमंडळाला खरं काम कसं द्यावं?

सातवीची वर्गशिक्षिका: आमच्या जिल्हा परिषद शाळेत दर जूनमध्ये मंत्रिमंडळ निवडतो. मोबाईलवर मतदान, बोटाला शाई, सगळं साग्रसंगीत. पण जुलैपासून मुख्यमंत्री फक्त परिपाठाच्या रांगा लावतो. मुलांचा हिरमोड होतो, मला फार वाईट वाटतं. तुम्ही काय करता?

निवृत्त ग्रामसेवक: ताई, मुलांना ग्रामसभेला आणा. मत १८ वर्षांवरच्यांचं, पण ऐकायला बसता येतं. आमच्याकडे २ ऑक्टोबरच्या सभेत सहावीतल्या मुलीने शाळेच्या नळापाशी साचणाऱ्या पाण्याचा अर्ज दिला. मी सही-शिक्क्यानिशी पोच दिली. तिने ती वहीत चिकटवली. महिन्याभराने विचारायला आली, "काका, माझ्या अर्जाचं काय झालं?" नोकरीत असा पाठपुरावा मोठ्यांनीही क्वचित केला.

एक पालक: आमच्या शाळेत पोषण आहाराचा तांदूळ मुलांसमोर मोजतात. पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम, सहावी ते आठवी १५०. हजेरीशी गुणाकार मुलंच करतात, फळ्यावर लिहितात.

सातवीची वर्गशिक्षिका: वजनकाटा सोमवारीच बाहेर काढते. काका, अर्ज सरपंचांच्या नावे लिहायचा की ग्रामसेवकांच्या? १५ ऑगस्टच्या सभेआधी मुलांकडून लिहून घेईन.