इंदूरच्या मराठीवर प्रकल्प: ‘करून राहिली’ कुठून आलं, हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरच्या एका लहान खासगी कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भाषाविज्ञान आणि तुलनात्मक साहित्य असे दोन विषय घेतलेत. वर्गात आम्ही सातजणी. भाषाविज्ञानाला एकच सर, तेही आठवड्यातून दोनच दिवस येतात. शिकवतात अगदी मनापासून, पण त्यांना मराठी येत नाही. म्हणून इथे विचारतेय.

प्रकल्पासाठी मी आमच्या घरातली मराठी घेतली आहे. रामबागेत आमची ही चौथी पिढी. आजी सहज म्हणते, “तो येऊन राहिलाय”, “काय करून राहिली गं?” पुण्याची मावसबहीण म्हणते की हे ‘आ रहा है’चं सरळ भाषांतर. मलाही तसंच वाटायचं. मग अमरावतीची एक मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे तर सगळेच असं बोलतात, त्यात काय! तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आमच्या घरात हे इथल्या हिंदीतून किंवा माळवी बोलीतून शिरलं, की पणजोबांचं घराणं मुळात विदर्भाकडचं होतं आणि ते सोबत घेऊनच आले? पणजोबा कुठून आले ते घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही.

काही गोष्टी मात्र सोप्या निघाल्या. धाकटा भाऊ ‘माझी पुस्तक’ म्हणतो; हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि तिकडे पुस्तक स्त्रीलिंगी. तो ‘शाळा’ला ‘शाला’ही म्हणतो. त्यापुढे मी वहीत ‘माळवीचा परिणाम’ असं लिहिलं, तर सरांनी त्याच्याभोवती गोल केला. माळवीत ‘ळ’ आहे! गेला तो शाळेतल्या हिंदीमुळे. इतकी वर्षं इथे राहून मी हिंदी आणि माळवी एकाच गाठोड्यात बांधत होते, याचं फार वाईट वाटलं. आता प्रत्येक उदाहरणापुढे दोन्ही वेगवेगळ्या लिहिते.

खरी अडचण रेकॉर्डिंगची. फोन समोर ठेवला की आजी ‘येत आहे’, ‘करत आहे’ असं शाळेतल्या बाईंसारखं बोलू लागते. लबॉव्ह या भाषावैज्ञानिकाने मांडलेला पेच हाच, असं सर म्हणाले: लोक कुणी ऐकत नसताना कसे बोलतात ते आपल्याला हवं असतं, पण ते मिळवायला ऐकावं तर लागतंच. चोरून रेकॉर्ड करणं मला पटत नाही. तुम्ही काय करता?

तुलनात्मक साहित्याच्या मॅडम म्हणतात, मुक्तिबोध बंधू घे. गजानन माधव हिंदीतले मोठे कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीतले, आणि घर एकच. विषय मला मनापासून आवडलाय, कारण माझीही तीच गत आहे. भांडण मराठीत, कविता हिंदीत. पण आधी हा भाषेचा गुंता सुटू दे.

पुढे एम.ए.साठी पुण्याचं डेक्कन कॉलेज मनात आहे. तिथे भाषाविज्ञान शिकलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद:

मी डेक्कनला शिकले. लहान कॉलेजातून आल्याने काही अडत नाही. स्वतः गोळा केलेली भाषा हाताशी असेल तर उलट फायदाच होतो.

‘करून राहिली’चा निकाल एका घरावरून लागणार नाही. ज्यांचं मूळ कोकणात किंवा देशावर आहे आणि विदर्भाशी ज्यांचा संबंध नाही, अशी इंदूरची घरं शोधा. तीही असंच बोलत असतील तर इंदूरच्या हिंदी-माळवीच्या शेजाराचं पारडं जड होईल. ग्रियर्सन यांनी इंग्रजी राजवटीत केलेल्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा ७ वा खंड (१९०५) मराठीचा आहे, त्याचं स्कॅन इंटरनेटवर मिळतं. त्यात वऱ्हाड-नागपूरकडचे नमुने आहेत. बायबलमधल्या उधळ्या मुलाची तीच गोष्ट वेगवेगळ्या बोलींत दिलेली असल्याने ताडून पाहणं सोपं जातं. मात्र वऱ्हाडीलाही हिंदीचा शेजार आहेच, त्यामुळे प्रश्न आणखी एक पायरी मागे जाईल, हे लक्षात ठेवा.

गम्पर्झ आणि विल्सन यांचा १९७१चा सांगलीजवळच्या कुपवाडवरचा लेख सरांकडे मागा. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांनी शब्द आपापले ठेवले, पण वाक्याची घडण मात्र एकमेकांसारखी होत गेली. तुमच्या कामाला तो फार जवळचा आहे.

आजीला एकटीला बोलतं करू नका. परवानगी घ्या, दोन मैत्रिणी समोरासमोर बसवा, फोन सुरू करून तुम्ही स्वयंपाकघरात जा. पहिली वीस मिनिटं सोडून द्या. आवाज तपासायला ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.

धागाकर्तीचं उत्तर:

खूप खूप आभार, ताई. वाक्याची घडण वेगळी तपासायची हे मला सुचलंच नव्हतं. मी नुसते शब्द गोळा करत होते. रविवारी आजीच्या भजनी मंडळातल्या दोघी चहाला येणार आहेत. रेकॉर्ड करायचं त्यांना विचारलं, दोघीही हो म्हणाल्या. त्यातल्या एकींचं घराणं मूळचं रत्नागिरीकडचं आहे. त्या ‘येऊन राहिलाय’ म्हणतात का, ते आधी ऐकते.