‘डिफेनेस्ट्रेशन’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न: युरोपच्या इतिहासावरील लेखात ‘डिफेनेस्ट्रेशन’ हा शब्द आला आहे. जाणकारांनी कृपया अर्थ व व्युत्पत्ती सांगावी.

उत्तर १: एखाद्याला खिडकीतून बाहेर फेकणे. लॅटिनमध्ये ‘फेनेस्त्रा’ म्हणजे खिडकी. जर्मन ‘फेन्स्टर’ त्यावरूनच आला.

उत्तर २: शब्द रूढ झाला तो प्रागमुळे (आजच्या चेक प्रजासत्ताकाची राजधानी). २३ मे १६१८ रोजी तेथील किल्ल्यात संतापलेल्या प्रॉटेस्टंट सरदारांनी पवित्र रोमन सम्राटाचे दोन कॅथलिक प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना खिडकीतून सुमारे ७० फूट खाली फेकले. त्यांतील एक जण चौकटीला लोंबकळत राहिला, तेव्हा त्याच्या बोटांवर घाव घालून पकड सोडवली गेली. आश्चर्य म्हणजे तिघेही वाचले, मात्र यातूनच युरोपातील ‘तीस वर्षांचे युद्ध’ (१६१८–१६४८) पेटले.

उत्तर ३: हल्ली एखाद्याला पदावरून तडकाफडकी हटवण्यालाही लाक्षणिक अर्थाने हाच शब्द वापरतात.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार, आता तो परिच्छेद पूर्ण उलगडला.